पोटात पाणी जास्त आहे (एएफआय २७), तरी नॉर्मल बाळंतपण होतं का?

मंद्रूपची_लेक

मला ३६ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. सासर बाळ्याला, माहेर मंद्रूपच्या पुढं भीमेच्या बाजूला एका गावात. परवाच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी जास्त निघालं. रिपोर्टवर एएफआय २७ लिहिलंय, मागच्या महिन्यात २२ होतं. बाळाचं अंदाजे वजन २ किलो ८००. डोकं खाली आहे, पण पुढं 'फ्लोटिंग' असा शब्द आहे. ग्लुकोज पिऊन करायची शुगर दोनदा झाली, दोन्ही वेळेला नॉर्मल. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळात काही दोष दिसला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नको, नॉर्मलची वाट बघू, आता दर आठवड्याला येत जा." बाहेर पंचवीस-तीस बायका बसलेल्या, मागून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, मी उठले. विचारायचं सगळं मनातच राहिलं.

घरी आल्यापासून ज्याचं त्याचं वेगळं. जाऊ म्हणते, तिच्या बहिणीचं असंच होतं, सिझरच झालं. सासूबाई म्हणतात, "पाणी लई पिऊलालीस तू, म्हणून वाढूलालंय. तांब्या कमी कर." दोन दिवस कमी प्यायले तर लघवीला जळजळायला लागलं. पोट एवढं ताणलंय की कातडी चमकते. रात्री सपाट झोपलं की धाप लागते, दोन उशा लावून बसल्यासारखी झोपते.

आणि आई येत्या रविवारी न्यायला येणार आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं तिचं कधीचं ठरलेलं. गावात उपकेंद्र आहे, पण काही मोठं झालं तर सोलापूरच गाठायचं. गाडी असली तर तास, आणि सध्या उसाच्या ट्रॉल्यांनी विजापूर रोड कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. आईला नाही म्हणायचं तर ती रडेल.

कुणाचं पाणी जास्त असून नॉर्मल झालंय का? झालं तर नेमकं कसं झालं, ते सांगाल का? आणि पाणी घरीच फुटलं तर काय करायचं? मला सिझरची भीती नाही. न कळता काहीतरी होऊन बसेल याची आहे.


अक्कलकोट_रोडची

माझं ३३ होतं आणि सिझर झालं, ३८ व्या आठवड्यात. पण ताई, ते पाण्यामुळं नाही झालं. बाळ शेवटपर्यंत आडवं राहिलं म्हणून झालं. एवढं पाणी असलं की बाळाला फिरायला जागा मिळते, आज डोकं खाली, उद्या बरगडीखाली. लोक "पाण्यामुळं सिझर" असंच सांगतात, मीही वर्षभर तेच सांगत होते. पोरगी आता पहिलीला आहे. तुझं डोकं खाली आहे ही चांगली गोष्ट आहे.


गणवेशवाली

अगं, सगळ्यात आधी पाणी प्यायला लाग. आज, आत्ता. सासूबाईंना माझं नाव सांग हवं तर. पिशवीतलं पाणी या दिवसांत मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं. बाळ ते गिळतं, परत लघवी करतं, असं दिवसभर चालू. तुझ्या तांब्यातलं पाणी तोडलं म्हणून ते उतरत नाही, फक्त तुला जळजळ लागते. मिठाचंही तसंच, अळणी खाऊन काही होत नाही. जळजळ थांबली नाही तर लघवी तपासून घे, ते अंगावर काढू नकोस.

आता माझं सांगते. लांब होईल, पण तू "नेमकं कसं" विचारलंस आणि मलाही त्या वेळी कुणी नेमकं सांगितलं नव्हतं.

मी अशोक चौकात राहते, गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे. दिवसभर गळ्यात टेप. दुसरं बाळंतपण, जानेवारी २०२३. पहिली मुलगी नॉर्मल झालेली, त्यामुळं मी निवांत होते. आठव्या महिन्यात कापायच्या टेबलाला पोट लागायला लागलं, तेव्हा सहज टेप लावून बघितला. तपासताना मॅडम ओटीच्या हाडापासून वर मोजतात ते मी बघितलेलं होतं. जेवढे आठवडे साधारण तेवढे सेंटीमीटर, एक-दोन मागंपुढं. मला ३४ वा चालू होता आणि टेप ४० वर. परत लावला. ४०. मापात माझी चूक होत नाही, रोजचं काम आहे ते.

सोनोग्राफीत २८ निघालं. तेव्हा मी जिथं दाखवत होते तिथं फाईल उघडून, माझ्याकडं न बघता सांगितलं, "पाणी जास्त आहे, सिझर करावं लागेल, तारीख घ्या." का, कशामुळं, बाळ कसं आहे, काही नाही. मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले. ते अजून विसरले नाही. नंतर ह्यांच्या आत्यानं दुसऱ्या मॅडमकडं नेलं. या मॅडमनी आधी शुगर केली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. १४० च्या आत पाहिजे असतं, माझी १२१ आली. मग सोनोग्राफी परत, नीट वेळ घेऊन. डॉक्टरांनी पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला आणि म्हणाले, "हे बाळाचं पोट. पाण्यानं भरलंय, म्हणजे गिळतंय." त्या एका वाक्यानं मला जेवढी झोप लागली तेवढी कशानं लागली नाही. बाळाला गिळता येत नसलं, अन्ननलिका किंवा आतडं बंद असलं, की पाणी साचतं. शुगर असली की बाळ लघवी जास्त करतं, तरी साचतं. जुळ्यात होतं, बाळाच्या अंगात रक्त कमी असलं तरी होतं. ते सगळं बघितलं, काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुझ्यासारख्या बऱ्याच जणींना कारण सापडतच नाही, आणि थोडंच वाढलेलं असलं तर बाळ बहुतेक वेळा चांगलं असतं.

आकड्याचंही त्यांनीच समजावलं. पोटाचे चार भाग करतात, प्रत्येकातलं सगळ्यात खोल पाणी मोजतात आणि चारही आकडे मिळवतात, तो एएफआय. २४-२५ च्या वर गेला की जास्त. तिथून ३० पर्यंत थोडं जास्त, ३० ते ३५ मध्यम, ३५ च्या पुढं फार. तुझं २७ म्हणजे पहिल्या पायरीवर. माझं ३७ व्या आठवड्यात ३१ झालं, तरी त्या म्हणाल्या नॉर्मलच बघू. पाण्याचा आकडा बघून सिझर ठरत नाही. डोकं खाली आहे का, ठोके चांगले आहेत का, कळा नीट येतात का, जे इतर बायकांचं बघतात तेच. आणि मुद्दाम कळा सुरू करायच्या असल्या तरी दुसरं काही कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी नको.

पण त्यांनी एक गोष्ट तीनदा सांगितली, आणि तीच मी तुला सांगायला बसलेय. धोका पाणी असण्यात कमी आणि पाणी जाण्यात जास्त असतो. डोकं वरच तरंगतंय, खालची वाट मोकळी आहे आणि पाणमोट घरी फुटली, तर एवढं पाणी धबकन येताना नाळ पुढं घेऊन येऊ शकतं. नाळ डोक्याखाली दबली की बाळाचा श्वासच दबला. दुसरं, पोट एकदम रिकामं झालं की वार सुटू शकते. म्हणून त्या म्हणाल्या, "तुझं पाणी जाईल तेव्हा तू माझ्यासमोर पाहिजेस, आणि शेजारी थिएटर पाहिजे."

ते गड्ड्याचे दिवस, सिद्धेश्वराच्या जत्रेचे. आम्हाला सवय आहे, पण नंदीध्वज बाळीवेशीकडून निघाले की गावातले रस्ते कसे होतात ते बघतो की आपण दरवर्षी. ह्यांनी स्वतः जाऊन कुठला रस्ता कधी बंद होतो ते बघून ठेवलं. मला ३९ पूर्ण होत होते, कळा नव्हत्या, नुसतं पोट कडक व्हायचं आणि सुटायचं. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी सरळ भरती व्हायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कळा नसताना कशाला जाऊन बसायचं?" ह्यांनी ऐकलं नाही. आजही त्या गोष्टीसाठी मी ह्यांचे उपकार मानते.

रात्री दोनला कळा लागल्या. आणि कळा कसल्या, नुसत्या रेंगाळणाऱ्या. पहिल्या वेळी कळ आली की चढत जायची. ह्या वेळी यायची, अर्ध्यावर विरून जायची. सिस्टर म्हणाल्या, रबर जास्त ताणलं की आकसत नाही, तसं पिशवीचं झालंय. पट्टा लावून ठोके बघत होत्या, पण पोट एवढं गुळगुळीत ताणलेलं की पट्टा घसरायचा, बाळ लांब पोहून जायचं, परत शोधायचं. मला खाली उतरू दिलं नाही, लघवीलाही भांडं. मला राग यायचा तेव्हा. कारण आता कळतं.

पहाटे पाचला पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडलं आणि डोकं थोडं खाली बसलं, तेव्हा मॅडमनी ठरवलं की पाणी आपणच काढायचं, पण हळू. हे मी पूर्ण शुद्धीत बघितलंय. अंगाखाली लाल रबरी मॅकिंटॉश, त्यावर जुन्या चादरी. एक सिस्टर डोक्याशी ठोक्यांचं यंत्र धरून. दुसऱ्या सिस्टरनी दोन्ही हातांनी पोटावरून बाळाचं डोकं खाली दाबून धरलं, इकडं-तिकडं सरकू नये म्हणून. मॅडमचा एक हात आत. नेहमी हुक लावून फोडतात, तसं नाही केलं. बारीक सुईनं टोचलं आणि हात तिथंच ठेवला, बूच लावल्यासारखा. पाणी बोटांच्या फटीतून यायला लागलं. कोमट, आणि थांबतच नाही. टपटप नाही, धारही नाही, झिरपल्यासारखं. चादर भिजली, काढली, दुसरी घातली. ती भिजली. मॅडम मध्ये-मध्ये विचारत होत्या, "ठोके?" सिस्टर सांगायच्या, "एकशे चाळीस." परत, "ठोके?" "एकशे छत्तीस." त्या खोलीत तेवढंच बोलणं. वीसेक मिनिटं मॅडमनी हात हलवला नाही. बोट फिरवून नाळ पुढं नाही ना ते बघितलं आणि मगच हात बाहेर काढला. पाणी पांढुरकं होतं, हिरवं नव्हतं, हे सिस्टरनी मला न विचारताच सांगितलं.

आणि माझ्या पोटाचा आकार डोळ्यासमोर बदलला. गोल होतं ते लांबट झालं, बाळाची पाठ कुठं ते हाताला लागायला लागलं. पुढच्या दहा मिनिटांत कळा अशा आल्या, की पहिल्या बाळंतपणातल्या ओळखीच्या कळा. आठ वाजायच्या आत मुलगा झाला. ३ किलो १००. टाका एकच.

त्यानंतरचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुला सांगते. बाळ झाल्या-झाल्या मला मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली, पण पिशवी आकसेना. खूप ताणलेली असते ना. अंगावरून जायला लागलं. सिस्टर पोट चोळत होत्या, जोरात, दुखेपर्यंत, गोळा कडक होतो का बघत. सलाईनमधून औषध चालू केलं, आणखी एक इंजेक्शन दिलं. साधारण अर्ध्या तासानं त्या म्हणाल्या, "आला गोळा." रक्ताची एक पिशवी जुळवून ठेवलेली होती, लागली नाही. तुझं हिमोग्लोबिन किती आहे? ते आत्ताच बघ, गोळ्या चुकवू नकोस.

आणि बाळाला छातीशी द्यायच्या आधी लहान मुलांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडातून एक बारीक नळी पोटापर्यंत घालून बघितली. मी घाबरून ओरडले. ते म्हणाले, "पाणी जास्त होतं ना, अन्ननलिका मोकळी आहे एवढं बघतो आणि देतो." नळी गेली. मिनिटभराचं काम. मग दूध पाजलं. तुझ्या बाळाला हे करायला हवं हे तू स्वतः आठवण करून दे, पाजायच्या आधी.

आता माहेरचं. जाऊ नकोस. माझ्या आईनं मला पहिल्या वेळी माहेरी नेलं होतं, ते सुख मी जाणते, म्हणून सहज म्हणत नाही. पण तुझं डोकं अजून तरंगतंय आणि मध्ये तासाभराचा रस्ता. आईलाच बाळ्याला बोलव. माहेर म्हणजे आईचा हात, तो इकडंही येतो. बाळ झाल्यावर महिनाभर जाऊन राहा की.


सिस्टरमावशी

बाळा, मी सरकारी दवाखान्यात लेबर रूमला एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वरच्या ताईनं फार चांगलं लिहिलंय. राहिलेलं मी सांगते.

तू विचारलंस, पाणी घरीच फुटलं तर काय. उभी राहू नकोस, चालू नकोस, बाथरूमला जाऊ नकोस, कपडे बदलत बसू नकोस. आहेस तिथं आडवी हो, डाव्या कुशीवर, कमरेखाली दोन उशा. कमर छातीपेक्षा वर पाहिजे. घरातल्या माणसानं १०८ ला फोन करायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, "पाणी जास्त असलेली बाई आहे, पाणमोट फुटली आहे." म्हणजे ते तयारीत येतात. दवाखान्यालाही फोन करा.

खाली काही मऊ, गुळगुळीत दोरीसारखं लागलं किंवा दिसलं तर ती नाळ. तिला ओढू नका, आत ढकलू नका, उगाच हात लावू नका. हाताळली की ती आणखी आकसते. तशा वेळी गुडघे आणि छाती जमिनीला टेकून, ढुंगण वर करून राहायचं. लाज वाटते, पण त्या दहा-वीस मिनिटांत बाळाचं डोकं नाळेवरून उचललेलं राहतं. गाडीत मात्र कुशीवर, कमरेखाली उशा. मी अशी आलेली बाई बघितली आहे, तिच्या सासूनं तिला रिक्षात बसवून आणलं नव्हतं, गावातल्या जीपमध्ये मागच्या बाकावर तसंच आडवं करून, कमरेखाली गाठोडी देऊन आणलं होतं. बाळ रडलं. मी सासूच्या पाया पडले होते.

तुझ्या फाईलवर 'फ्लोटिंग' लिहिलंय त्याला एवढं घाबरू नकोस. डोकं अजून कटीच्या हाडात बसलेलं नाही, एवढाच अर्थ. पाणी जास्त असलं की उशिरा बसतं, कधी कळा लागल्यावरच बसतं. म्हणून दर तपासणीला दोनच गोष्टी विचार: डोकं खालीच आहे का, आणि बसलं का. गर्दी असली तरी विचार. कागदावर लिहून ने आणि मॅडमच्या हातात दे, मी कितीतरी पेशंटना तसं करायला लावलं आहे. डॉक्टर रागवत नाहीत, उलट वाचून पटकन सांगतात.

धाप लागते म्हणालीस. दोन उशांवर लागत नसेल तर चालेल, पाणी जास्त असल्या बायकांना तेवढं होतंच. पण बसूनही लागत असेल, बोलता-बोलता थांबावं लागत असेल, तर लगेच दाखव. फारच त्रास असला तर पोटातून सुईनं पाणी काढतात, मोठ्या दवाखान्यात. २७ ला सहसा ती वेळ येत नाही. आणि ते काढलं तरी परत भरतं, म्हणून सगळ्यांचं काढत नाहीत.

बाळाची हालचाल रोज बघ. पाणी जास्त असलं की लाथ मऊ लागते, गादीआडून आल्यासारखी. पण लागली पाहिजे. नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट बघू नकोस. पोट दगडासारखं कडक होऊन सुटतच नसेल, किंवा अंगावर लाल जात असेल, तर सरळ निघायचं, फोन वाटेतून करायचा.

कुठं बाळंत व्हायचं ते आत्ता ठरव. जिथं रात्रीही भूल देणारे डॉक्टर आणि लहान मुलांचे डॉक्टर येतात, रक्त मिळतं, तिथं. खासगीत हे तोंडावर विचारायचं: "रात्री तीनला सिझर लागलं तर किती वेळात होईल?" पैशाची अडचण असली तर आपलं सिव्हिल आहे, वैशंपायन कॉलेजचं. रात्रंदिवस थिएटर, रक्तपेढी, नवजात बाळांचा विभाग, सगळं एका आवारात. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, बाळंतपणाला पैसे लागत नाहीत, २०११ पासून ती योजना आहे. पलंगाला गर्दी असते, पंखा कधी चालतो कधी नाही, ते खरं. पण तुझ्यासारखीला जे लागतं ते तिथं आहे.

उपकेंद्रातल्या सिस्टरताई चांगल्या असतात, मीही सुरुवातीला होते. पण तिथं थिएटर नाही. आईला माझं हे वाचून दाखव. आईला दुखवायचं नाही हे मला कळतं.


मंद्रूपची_लेक

सगळ्यांनी एवढं लिहिलंत, रात्री दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचायला दिलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून १०८ चा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून लावला.

आज मॅडमकडं गेले. मावशी, कागदावर लिहून नेलं. मॅडमनी खरंच वाचलं, आणि खुर्ची ओढून बसायला सांगितलं. डोकं खालीच आहे, अजून बसलेलं नाही. हिमोग्लोबिन १०.४, गोळ्या दोन वेळा करायला सांगितल्या. रक्तगट फाईलच्या पहिल्या पानावर लिहिला. त्या म्हणाल्या, ३९ पर्यंत डोकं बसलं नाही तर कळा नसल्या तरी भरती करून घेऊ आणि तिथंच वाट बघू. नळी घालून बघायचं मी विचारलं तर म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुला?" आणि हसल्या. करणार आहेत. लघवी पण तपासायला दिली.

सासूबाईंना मॅडमनीच सांगितलं, पाणी पाजा हिला. आल्यावर त्यांनी स्वतः माठ भरून माझ्या खोलीत आणून ठेवला. चार दिवसांनी नळ आला होता, पहिली कळशी माझ्या माठात.

आईला फोन मी नाही केला, सासूबाईंनी केला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, दार लोटलेलं होतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "रविवारी येऊलालीय तुझी आई. न्यायला नाही, राह्यला." वरच्या खोलीतल्या शिवणयंत्राजवळची जागा मोकळी करायला घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं. भरती होताना सामान काय-काय न्यायचं?


गणवेशवाली

बघ, मला वाचून रडायला आलं.

जुने सुती कपडे न्यायचे, भरपूर. माझ्या पाच चादरी भिजल्या होत्या, वरून दवाखान्याच्या वेगळ्या. आईला सांग, येताना तिची जुनी सुती लुगडी आण, जेवढी असतील तेवढी. दोन फाडून दुपटी होतील, बाकीची तुझ्या अंगाखाली. नवं कापड आणू नका, ते पाणी पीत नाही. मऊ झालेलं, दहा वर्षं धुतलेलं पाहिजे. फाईल आणि शेवटची सोनोग्राफी पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेव, तळाला नको. आणि पिशवी आजच भरून दाराशी ठेव.